गारठ्यात आणि पावसात पॅरिसचं डिस्नेलँड : कपड्यांपासून परतीच्या गाडीपर्यंत

पॅरिसमध्ये वर्षभरात सरासरी ६४० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईत सांताक्रूझला एकट्या जुलैची सरासरीच ८०० च्या वर जाते. त्यामुळे नोव्हेंबरातल्या डिस्नेलँड-भेटीच्या आदल्या रात्री मोबाइलवर ‘दिवसभर हलका पाऊस, २ मिलिमीटर’ असं दिसलं की आपली मंडळी हसतात. याला काय पाऊस म्हणायचं? आणि हीच मंडळी दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता ओल्या जीन्समध्ये काकडत, कोणत्या रेस्टॉरंटात उब मिळेल ते शोधत फिरत असतात.

आपल्याकडचा पाऊस पंचवीस-सव्वीस अंशांतला. त्यात भिजलं तरी घरी येऊन डोकं पुसलं आणि चहा घेतला की काम भागतं. तिकडे नोव्हेंबरात दिवसाचं कमाल तापमान १० ते ११ अंश आणि जानेवारीत ७ ते ८. वारा असेल तर अंगाला त्याहून कमी लागतं. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणजे पायमोजा एकदा भिजला की तो पायाला गार करायच्याच कामाला लागतो, आणि आपल्याला अजून आठ-नऊ तास उघड्यावर चालायचं असतं. म्हणून या दिवसाचं सगळं नियोजन एका गोष्टीभोवती करायचं : अंग कोरडं ठेवायचं, त्यातही पाय. ते जमलं तर पावसाळी दिवसासारखा दिवस नाही, कारण अर्धी गर्दी आलेलीच नसते आणि आलेल्यांतले बरेच जण चार वाजता परत फिरतात.

तारीख निवडताना

पाऊस टाळून तारीख निवडता येत नाही. पॅरिसला ठरावीक पावसाळा नाही, पाऊस बाराही महिने थोडाथोडा पडतो. गर्दी मात्र टाळता येते.

आपल्याकडून जाणाऱ्यांची पहिली अडचण दिवाळीची सुट्टी. फ्रान्सच्या शाळांना ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून दोन आठवडे तूसँची (सर्व संतांच्या सणाची) सुट्टी असते आणि ती बऱ्याचदा आपल्या दिवाळीच्या सुट्टीशी जुळते. त्यात हॅलोवीन. पाऊस असो नसो, त्या दिवसांत पार्क भरलेलंच असतं. १ आणि ११ नोव्हेंबर या तिथल्या सार्वजनिक सुट्ट्या. बुधवारी बऱ्याच लहान मुलांना शाळा नसते किंवा अर्धा दिवस असते, म्हणून आठवड्याच्या मध्यातला हा दिवस वाटतो तितका रिकामा नसतो. मंगळवार आणि गुरुवार बरे.

माझ्या मते सगळ्यांत चांगला काळ म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतचे कामाचे दिवस. नाताळची सजावट लागलेली असते, दिवे लवकर उजळतात आणि शाळा चालू असतात. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यानंतर गर्दी त्याहून कमी होते, पण थंडी वाढते आणि काही राईड्स देखभालीसाठी बंद ठेवतात. बंद राईड्सची यादी संकेतस्थळावर आधीच लावलेली असते. ती तिकीट काढण्यापूर्वी वाचा, नंतर वाचून हळहळण्यात अर्थ नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये फ्रान्सच्या तीन शैक्षणिक विभागांना पाळीपाळीने हिवाळी सुट्टी पडते, ते आठवडे टाळलेले बरे.

ठरावीक तारखेचं तिकीट स्वस्त पडतं. पाऊस पडला म्हणून पैसे परत मिळत नाहीत. तारीख किती दिवस आधीपर्यंत बदलता येते, ते तिकिटाच्या अटींत लिहिलेलं असतं. युरोपात शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मुलांकडे आई-बाबा आलेले असतील आणि राहायला मोकळे दिवस असतील, तर तारीख बदलता येणारंच तिकीट घ्या. टूर कंपनीबरोबर जाणाऱ्यांना हा पर्याय नसतो; त्यांनी पुढचा भाग नीट वाचावा.

कपडे : पैसे नक्की कशावर खर्च करायचे

तीन थर लागतात. अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, आणि सगळ्यांत बाहेर पाणी आणि वारा अडवणारं जॅकेट. यातला कुठलाही थर सुती नको. सुती बनियन घाम शोषतो आणि ओलाच राहतो. रांगेत चाळीस मिनिटं उभं राहिलं की पाठीवर ओला फडका ठेवल्यासारखं गार वाटायला लागतं. डेकॅथलॉन मूळची फ्रेंच कंपनी, पण तिची दुकानं पुण्या-मुंबईतही आहेत. थर्मल आणि फ्लीस तिथून घेतलं तर फार खर्च होत नाही. पिसांचं फुगीर जॅकेट कोरड्या थंडीत उत्तम, पण ते भिजलं की पिसं चिकटतात आणि उब जाते. असं जॅकेट असेल तर त्यावर पोंचो घालायलाच हवा.

जीन्स घरी ठेवा. डेनिम पाणी पितं, जड होतं आणि दिवसभर वाळत नाही. त्यापेक्षा आपल्याकडची दुचाकीवर घालायची रेनपँट बॅगेत टाका. दिसायला बेंगरूळ असते, पण हिवाळ्यातल्या पार्कात तिच्याइतकी उपयोगी दुसरी वस्तू नाही. उघड्यावरच्या राईडचं आसन ओलं असतं. साध्या पँटने त्यावर बसलात की पुढचे तीन तास बूड गार. रेनपँट घालून बसायचं, उठायचं, झटकायचं. आत थर्मल लेगिंग असलं की झालं.

वरच्या रेनकोटबद्दल मात्र थोडं जपून. आपले जाड प्लास्टिकचे रेनकोट पाणी अडवतात, पण आतला घामही अडवतात. चालताना गरम होतं, थांबलं की गार पडतं. बगलेखाली झरोके असलेलं जॅकेट किंवा सैल पोंचो बरा. पोंचो इतका मोठा घ्या की पाठीवरची सॅकही आत मावेल. पार्कातल्या दुकानांत पोंचो मिळतात, चित्रंही छान असतात आणि किंमतही तशीच असते.

छत्री न्यायला बंदी नाही, तरी मी ती नेऊ नये असंच म्हणेन. वाऱ्यात उलटते, रांगेत शेजारच्याच्या मानेवर गळते आणि एक हात कायम अडकवून ठेवते. आजी-आजोबांसाठी एखादी घडीची असू द्या.

आता पाय. पाणी न शिरणारे, घोट्यापर्यंतचे चालायचे बूट सगळ्यांत चांगले. ते महाग असतात आणि एका दिवसासाठी घ्यावेत असं वाटत नाही, ते समजू शकतं. मग निदान जाळीचे स्पोर्ट्स शूज तरी नकोत. लोकरीचे मोजे घाला आणि माणशी दोन जोड्या जास्तीच्या, झिपच्या पिशवीत बंद करून सॅकमध्ये ठेवा. बूट भिजलेच तर कोरडा मोजा घालून त्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवायची आणि मग पाय बुटात घालायचा. ही युक्ती थोडी हास्यास्पद आहे, पण संध्याकाळ वाचवते. क्रॉक्स, फ्लोटर्स आणि पावसाळी सँडल इथे निरुपयोगी. साडी नेसून यायचा हट्ट असेल तर काठ घोट्याच्या वर राहतील आणि आत थर्मल असेल एवढं पाहा. फॉल भिजला की तो पाणी वर ओढत नेतो.

कान झाकणारी टोपी हवीच. मुलांना मफलरपेक्षा गळ्यातून घालायची नळी बरी, राईडमध्ये अडकत नाही. हातमोज्यांच्या दोन जोड्या घ्या, कारण पहिली जोडी बारा वाजेपर्यंत ओली होतेच.

सॅकमध्ये काय

सॅक छोटीच ठेवा, पण आत एक मोठी प्लास्टिकची पिशवी अस्तरासारखी लावा आणि सामान त्यात भरा. बाहेरून घालायचं कव्हर वाऱ्याने निघतं, आतली पिशवी निघत नाही. एक पातळ पंचा हवाच. आसन पुसायला, चष्मा पुसायला, मुलांचं डोकं पुसायला तोच. जाड टॉवेल वाळत नाही; आपला पंचा पिळला की पुन्हा कामाला तयार.

मोबाइलची बॅटरी थंडीत भराभर उतरते, म्हणून पॉवर बँक आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा. ओल्या पडद्यावर बोट नीट चालत नाही आणि तिकीट, रांगांच्या वेळा, जेवणाची ऑर्डर असं सगळं पार्कच्या ॲपवर असतं. तिकिटाची एक छापील प्रत झिपच्या पिशवीत असू द्या. ओठांना लावायला व्हॅसलीन, एक सुकी बनियन, लहान मुलांसाठी कपड्यांचा पूर्ण जोड. एवढं पुरे. जड सामान प्रवेशद्वारापाशी किंवा स्टेशनवर पैसे भरून ठेवता येतं.

पोहोचताना

पार्क पॅरिसच्या पूर्वेला साधारण ३२ किलोमीटरवर, मार्न-ला-व्हॅलेला आहे. आरईआर ए या लोकलचं शेवटचं स्टेशन मार्न-ला-व्हॅले–शेसी. शातले-ले-आल किंवा गार द लियोंहून पाऊण तासाच्या आत पोहोचता. स्टेशनबाहेर पडलं की पार्क दोन-तीन मिनिटांवर आहे. पावसात ही फार मोठी सोय. गाडी आणली तर पार्किंगपासून बरंच चालावं लागतं.

ही लाइन व्हँसेनच्या पुढे फुटते. एक फाटा शेसीला येतो, दुसरा ब्वासी-सॅं-लेजेला जातो. फलाटावरच्या पाटीवर तुमच्या गाडीपुढे शेसीचा दिवा लागला आहे ना, ते बघूनच चढा. जानेवारी २०२५ पासून विमानतळ सोडून पॅरिस परिसरात मेट्रो आणि लोकलचं एकेरी तिकीट कितीही अंतराला एकाच दराचं झालं आहे. सुरुवातीला ते २.५० युरो होतं. ते नाविगो ईझी या प्रवासाच्या कार्डावर भरता येतं, मात्र प्रत्येकाला स्वतःचं कार्ड लागतं. सकाळीच परतीचंही भरून ठेवा. रात्री भिजलेल्या दोन-तीनशे लोकांबरोबर यंत्रापुढे उभं राहायचा उत्साह कोणालाच नसतो.

शार्ल द गॉल विमानतळावरून थेट येणार असाल तर तेज्येव्हे या वेगवान गाडीला दहा-बारा मिनिटं लागतात, पण गाड्या ठरावीक वेळांना असतात.

पावसाच्या नजरेने पार्कचा नकाशा

हे पार्क १२ एप्रिल १९९२ रोजी उघडलं. आखणी करणाऱ्यांना उत्तर फ्रान्सच्या हवेची पुरेपूर कल्पना होती. टोकियोच्या डिस्नेलँडमध्ये १९८३ साली त्यांनी प्रवेशाचा अख्खा बाजार काचेच्या छताखाली घेतला होता. पॅरिसमध्ये त्यांनी वेगळा उपाय केला. मेन स्ट्रीट, म्हणजे दारापासून राजवाड्याकडे जाणारा मुख्य रस्ता, उघडीच ठेवली, पण तिच्या दोन्ही बाजूंना, दुकानांच्या मागून, दोन लांब झाकलेल्या गल्ल्या काढल्या. आत शिरताना डावीकडची लिबर्टी आर्केड, उजवीकडची डिस्कव्हरी आर्केड.

हजारो लोक पोंचो ओढत मधल्या रस्त्याने भिजत चालतात आणि या गल्ल्या अर्ध्या रिकाम्या असतात. डाव्या गल्लीने गेलात की फ्रंटियरलँडच्या बाजूला निघता, उजवीने डिस्कव्हरीलँडच्या; ही पार्कच्या विभागांची नावं. गल्लीतून दुकानांत, दुकानांतून खाण्याच्या ठिकाणी दारं आहेत. डावीकडे स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या उद्घाटनाचा देखावा आहे, उजवीकडे जुन्या शोधांची आणि भविष्यातल्या शहरांची चित्रं. मुलं कंटाळली की तिथेच पंधरा मिनिटं सहज जातात. पार्कातल्या बऱ्याच इमारतींत शेकोट्याही बांधलेल्या आहेत. जाता-येता कुठे शेकोटी दिसते ते डोक्यात टिपून ठेवा.

आता राईड्स. मनात तीन गट करा.

मुसळधार लागली तर ज्यात शिरायचं, तो पहिला गट. पायरेट्स ऑफ द कॅरिबियन यात सगळ्यांत वर. रांग किल्ल्याच्या आतून वळत जाते, बोटी मोठ्या आहेत म्हणून ती सरकत राहते, आणि राईडही चांगली लांब आहे. दोन उतारांवर थोडे शिंतोडे उडतात, तेवढं चालतं. डिस्कव्हरीलँडमधलं स्टार टूर्स तसंच, रांगही आत. मिकीज फिलहारमॅजिक या त्रिमिती चित्रपटाला तर गुबगुबीत खुर्ची मिळते, आजोबांना डुलकी काढायला उत्तम. नॉटिलस पाणबुडीच्या आतून चालत जायचा फेरफटका आहे, तिथे सहसा रांगच नसते. राजवाड्याच्या वरच्या मजल्यावर रंगीत काचा आणि भिंतीवरच्या विणलेल्या चित्रांतून झोपलेल्या राजकन्येची गोष्ट आहे, आणि तळघरात साखळीने बांधलेला, श्वास घेणारा ड्रॅगन. फार लोक घाईत हे दोन्ही सोडून देतात. पाऊस लागला की आपसूक सापडतं.

दुसऱ्या गटात आतली राईड पण बाहेर किंवा अर्धवट बाहेर असलेली रांग. पीटर पॅन्स फ्लाइट, बझ लाइटइयर, फँटम मॅनर, इट्स अ स्मॉल वर्ल्ड. इथे रांगेचा आकडा बघून ठरवायचं. पीटर पॅनची रांग राईडच्या मानाने कायम मोठी असते. पाच मिनिटांपेक्षा कमी वेळाच्या उड्डाणासाठी पावसात तासभर उभं राहणं मला पटत नाही. ती सकाळी पहिल्या अर्ध्या तासात करा किंवा सोडा.

तिसरा गट पूर्ण उघड्यावरचा : बिग थंडर माउंटन, डंबो, ऑटोपिया, इंडियाना जोन्सची रोलरकोस्टर. पाऊस थांबला की ताबडतोब इकडे धावायचं. बिग थंडर साध्या पावसातही चालू असते. ही रेल्वे बोगद्यातून पाण्याखालून जाऊन बेटावर निघते. वेगात थेंब चेहऱ्यावर सुईसारखे टोचतात, म्हणून टोपी ओढून घ्या आणि चष्मा आधीच आतल्या खिशात टाका. रिपरिप पावसात, अंधार पडल्यावर केलेली बिग थंडर मला उन्हाळ्यातल्या दुपारच्या फेरीपेक्षा जास्त आवडते. विजा किंवा जोराचा वारा असेल तर उघड्या राईड्स थांबवतात. त्या वेळी दारात ताटकळू नका, ॲपवर नजर ठेवून दुसरीकडे जा.

शेजारचं दुसरं पार्क २००२ साली वॉल्ट डिस्ने स्टुडिओज म्हणून उघडलं आणि २०२६ मध्ये मोठा विस्तार होऊन डिस्ने ॲडव्हेंचर वर्ल्ड झालं. पावसासाठी हे दुसरं पार्क सोयीचं, कारण मोठ्या राईड्स बहुतेक इमारतींत आहेत : उंदराच्या आकाराचे होऊन स्वयंपाकघरात पळायची रॅटाटुई, टॉवर ऑफ टेरर, स्पायडर-मॅन, अंधारातली ॲव्हेंजर्स रोलरकोस्टर. शिवाय नाट्यगृहातले कार्यक्रम अर्धा तास कोरडे बसवून ठेवतात. क्रशेस कोस्टर ही राईड बहुतेक आत आहे, रांग मात्र बरीचशी बाहेर आणि संथ, म्हणून दार उघडल्याबरोबर तिकडेच जायचं.

हवामानात सगळा दिवस पाऊस दिसत असेल आणि दोन्ही पार्कांचं तिकीट असेल, तर सकाळ मुख्य पार्कात आणि दुपारचा जोराचा पाऊस दुसऱ्यात, असा बेत ठेवा.

दिवस कसा सरकतो

डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना साधारण तासभर आधी आत सोडतात. बाकीच्यांनीही उघडण्याच्या निदान पाऊण तास आधी दारात असावं, कारण सामान तपासणीच्या रांगेला वेळ लागतो. मुख्य पार्कचं प्रवेशद्वार डिस्नेलँड हॉटेलच्या खालीच आहे, त्यामुळे शेवटचा टप्पा आडोशाला जातो. पहिल्या तासात पीटर पॅन, बिग थंडर, डंबो अशी रांग वाढणारी ठिकाणं उरका. अंग कोरडं, पाय ताजे, गर्दी कमी. उघड्यावरचं जे काय करायचं ते याच वेळी.

पाऊस सुरू झाला की एक गंमत घडते. पहिल्या अर्ध्या तासात सगळे आत पळतात, त्यामुळे आतल्या राईड्सच्या रांगा फुगतात आणि बाहेरच्या ओस पडतात. तुमच्या अंगात रेनपँट आणि पोंचो असेल तर हीच वेळ उघड्यावरच्या राईड्सची. तासाभराने कंटाळलेले लोक दुकानं, जेवण आणि मग परतीची वाट धरतात. तेव्हा आतल्या रांगाही घसरतात. म्हणून पहिल्या सरीबरोबर आत पळायचं नाही. मुसळधार आली तर गोष्ट वेगळी.

जादा पैसे भरून रांग चुकवायचा प्रीमियर ॲक्सेस मिळतो. पावसाळी मंगळवारी सकाळीच तो घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. अकरा-साडेअकरापर्यंत ॲपवरचे आकडे बघा आणि एखाद-दुसऱ्या राईडपुरता वाटला तर घ्या. काही राईड्सना एकट्या माणसांची वेगळी रांग असते. मोठी मुलं असलेल्या कुटुंबाने ती वापरली तर वेळ खूप वाचतो, शेजारी बसायला मिळणार नाही एवढंच. लहान मूल असेल तर आई-वडिलांनी आलटून-पालटून राईड करायची सोय आहे. दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. दारावरच्या कर्मचाऱ्याला आधी विचारा.

दर दोन तासांनी वीस मिनिटं गरम जागी बसायचंच, थंडी वाजत नसली तरी. हुडहुडी भरल्यावर अंग पुन्हा तापायला तासभर जातो. त्या विश्रांतीत मोजे चाचपा, ओले असतील तर तिथेच बदला, हातमोजे जॅकेटच्या आत अंगाजवळ ठेवा. बाथरूममधल्या हात वाळवायच्या यंत्राखाली हातमोजे धरायला लाजू नका, सगळेच धरतात.

खाणं

जेवण साडेअकराला किंवा अडीचनंतर. पावसात बारा ते दोन या वेळात टेबल मिळत नाही, कारण एरवी बाकावर बसून खाणारे सगळे आत आलेले असतात. बसून जेवायच्या ठिकाणी ॲपवरून आधीच जागा राखून ठेवा. पावसाळी दिवशी त्या पैशात जेवणाइतकीच दीड तासाची उब मिळते, हे लक्षात घेऊन हिशेब करा.

शाकाहाऱ्यांना पिझ्झा-पास्ताची ठिकाणं आहेत. ॲडव्हेंचरलँडमधल्या अग्राबा कॅफेत मध्यपूर्वेच्या पद्धतीचा बुफे असतो, तिथे भाज्या, कडधान्यं आणि सॅलडमधून पोटभर जेवण जमतं. ‘मांस नको’ एवढंच सांगितलं तर मासा पुढे येऊ शकतो, म्हणून मासाही नको, अंडं चालतं की नाही, हे वेगवेगळं सांगा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र स्वतःच्या डब्यावरच भरवसा ठेवावा.

बाहेरचा किरकोळ खाऊ आत नेता येतो. काचेच्या बाटल्या, दारू आणि मोठ्या टोपल्या चालत नाहीत. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याचे किंवा डिंकाचे लाडू थंडीत खरोखर कामाला येतात. हातमोजे न काढता खाता येईल अशा बेताने कागदात एकेक गुंडाळा. स्टीलच्या थर्मासात गरम पाणी भरून घ्या. आल्याच्या चहाची पुडी असली की तिथल्या चार युरोच्या चहापुढे हात पसरायला नको. गरम चॉकलेट मात्र मुलांना एकदा द्याच. मेन स्ट्रीटवरचं केबल कार बेक शॉप बसून प्यायला छान.

तहान लागत नाही म्हणून पाणी टाळू नका. थंडीतही दिवसभर चालून डोकं चढतं, आणि दोष गारठ्याला जातो.

आजी-आजोबा आणि लहान मुलं

ज्येष्ठांसाठी ओल्या फरशीची भीती थंडीपेक्षा जास्त. राजवाड्याचा जिना, बोटींत चढायच्या फळ्या, दुकानांची दारं इथे सावकाश. गुडघे आखडतात, म्हणून आदल्या रात्री आणि सकाळी थोडं चालून, हात-पाय हलवून निघा. व्हीलचेअर भाड्याने मिळते. ‘मला नको ती’ असं आजोबा सकाळी म्हणतात. दुपारी तीनला मत बदलतं आणि तोवर पार्कच्या दुसऱ्या टोकाला पोहोचलेलो असतो. सकाळीच घ्या आणि बसायच्या जागेवर प्लास्टिक ठेवा.

बाबागाडीला पारदर्शक पावसाळी आवरण लागतं. राईडबाहेर गाडी उभी करताना ते लावूनच जा, नाहीतर परत येईपर्यंत गादी ओली. गाडीतलं मूल चालत नसतं, त्याला आपल्यापेक्षा एक थर जास्त हवा. मूल गप्प झालं, चिडचिड करू लागलं, ओठ निळसर दिसले की राईड सोडून आत न्या, ओले कपडे काढा, कोरडे घाला, गोड गरम काहीतरी पाजा. कापरं थांबून गुंगी येत असेल तर ते बरं वाटत असल्याचं लक्षण समजू नका; तडक प्रथमोपचार केंद्र गाठा. मुख्य पार्कात ते मेन स्ट्रीटच्या शेवटी, प्लाझा गार्डन्स रेस्टॉरंटजवळ आहे. बाळाला दूध पाजायची आणि कपडे बदलायची खोलीही तिथेच.

उंचीच्या अटी आधी पाहून ठेवा. बिग थंडर, स्टार टूर्स आणि टॉवर ऑफ टेररला १.०२ मीटर, हायपरस्पेस माउंटनला १.२० मीटर लागते. भिजत रांगेतून पुढे जाऊन दारातून परत फिरलेल्या पाच वर्षांच्या मुलाची समजूत काढणं कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

पाचनंतर

डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पाचच्या आत मावळतो. अंधार पडला की पारा उतरतो, आणि बरेच लोक निघतात. इथे पूर्ण मोजे-हातमोजे बदला, कोरडी बनियन चढवा, काहीतरी गरम खा. त्यानंतरचे दोन तास रांगांच्या दृष्टीने दिवसातले सर्वोत्तम असतात. ओल्या दगडांवर दिव्यांची प्रतिबिंबं पडतात, फोटोही तेव्हाच काढा.

मिरवणूक पावसात छोटी होते किंवा रद्द होते. घोषणा ऐका, पण तिच्यासाठी तासभर आधी कडेला उभं राहू नका. रात्रीचा राजवाड्यावरचा कार्यक्रम हलक्या पावसात सहसा होतो. जोराच्या वाऱ्यात आतषबाजी थांबते आणि ड्रोन तर त्याआधीच रद्द होतात. राजवाड्यापासून थोडं मागे, मेन स्ट्रीटच्या तोंडाशी उभं राहिलात तर संपल्यावर लगेच आर्केडमध्ये शिरून बाहेर पडता येतं. अगदी पुढे उभं राहिलात तर संपूर्ण गर्दी तुमच्या आणि स्टेशनच्या मध्ये असते.

दिवस फारच बिघडला, सगळे भिजले आणि कोणालाच राहवेना, तर हट्ट करू नका. लोकलने एकच स्टेशन मागे व्हाल द्युरोप आहे. तिथल्या मोठ्या बंदिस्त मॉलमध्ये सुपरमार्केट आहे, मोजे-बूट-कपडे सगळं पार्कपेक्षा स्वस्त मिळतं, आणि मुलांसाठी मत्स्यालयही आहे. तिकिटावर त्याच दिवशी परत आत जाता येतं, मात्र बाहेर पडताना दारावर ते विचारून घ्या.

खोलीवर परतल्यावर

दुसऱ्या दिवशीही पार्क असेल तर रात्रीचा अर्धा तास वाळवण्यासाठी राखून ठेवा. बुटांचे पातळ तळवे काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि तासाभराने ते बदला. हीटरवर बूट थेट ठेवले तर तळ सुटतो. हातभर अंतरावर आडवे ठेवा. मोजे आणि थर्मल कोरड्या टॉवेलात गुंडाळून घट्ट पिळा, मग हँगरवर टांगा, सकाळपर्यंत वाळतात. पोंचो बाथरूममध्ये शॉवरच्या दांडीला लटकवा आणि दार उघडं ठेवा. पॉवर बँक चार्जिंगला लावायची राहते ती याच गडबडीत, म्हणून बुटांना हात लावण्याआधी ती लावा.